साइटवर येणारा मलेरियाचा माणूस: एका सुपरवायझरचे परीक्षण

आधी गुण सांगतो, म्हणजे घाईतले लोक मोकळे. पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते पुढे येईलच.

सेवा कसली, तर आरोग्य केंद्रातून बांधकामाच्या साइटवर येणारा मलेरियाचा माणूस. गोव्यात इमारत बांधणाऱ्या कुणालाही हा चुकत नाही. तो येतो, टाक्या बघतो, मजुरांची बोटे टोचतो, वहीत सही घेतो आणि जातो. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण काही ठिकाणी तोंड वाईट करणार आहे आणि मला त्याच हद्दीत अजून दोन कामे उरकायची आहेत. तालुका बार्देश. तळमजला अधिक चार, 16 फ्लॅट, ऐन गर्दीत 40-45 मजूर. मी तिथला सुपरवायझर. घर पेडण्यात, रोज स्कूटरने ये-जा, या धंद्यात 27 वर्षे.

सुरुवात पोस्टरपासून. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या पत्र्याच्या कुंपणावर एक पोस्टर लागले. जून हा मलेरियाविरोधी महिना. वर इंग्रजी, खाली देवनागरी कोंकणी, मध्ये हातभर डास, त्यावर लाल फुली आणि दहा सूचना. छपाई झकास. आता आमची माणसे बघा. सेंट्रिंगवाले, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणारे, कोप्पळ-बागलकोटकडचे, कन्नड बोलणारे. सळया वाकवणारे बारबेंडर झारखंडचे. गवंडी ओडिशाचे. त्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख, आणि कोंकणी वाचणारा एकही नाही. कोंकणी वाचणारे आम्ही दोघे, मी आणि स्टोअरकीपर. दोघेही रात्री आपापल्या घरी जाळीच्या खिडकीआड झोपणारे. पोस्टर आम्हा दोघांसाठीच होते म्हणायचे. जुलैच्या पावसाने ते उतरवले, कुणाला कळलेही नाही.

दहांतली पहिली सूचना होती, पाणी साचू देऊ नका. मला हसूच आले. अहो, बांधकाम म्हणजेच पाणी साचवणे. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी त्यावर गाऱ्याचे छोटे बांध घालून वाफे करायचे आणि पाणी भरून ठेवायचे, याला क्युअरिंग म्हणतात. साध्या सिमेंटला निदान 7 दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला 10. ते केले नाही तर स्लॅबला भेगा आणि मला शिव्या. आणि डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार हवेत लागतात जवळपास तेवढेच दिवस. एकाच पाण्यात, एकाच मुदतीत आमचे सिमेंटही पिकते आणि डासही. हे गणित पोस्टरवर नव्हते. ते मला सहा महिन्यांनी कळले, आणि तेही आजारी पडून झाल्यावर.

गोव्यात हा ताप बांधकामाच्या पाठीवर बसून वाढला, असे जुने लोक म्हणतात ते उगीच नाही. पणजीत मलेरियाने डोके वर काढले ते 1986 पासून. त्याच वर्षी जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला होता. मी तेव्हा शाळेत. फेरीबोटीची रांग आठवते, मलेरिया आठवत नाही. पुढे कांदोळी-कळंगुटच्या पट्ट्यात हॉटेले उठू लागली तशी तिकडेही रुग्णांची गर्दी झाली. आमच्याकडचा मुख्य डास ॲनोफिलीस स्टीफेन्सी. त्याला गटार नको, स्वच्छ पाणी लागते. विहीर, गच्चीवरची टाकी, सिमेंटचा हौद, मजुरांचे बॅरल, सगळे त्याच्या आवडीचे. 1985 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या जोरावर गोव्यात बांधकाम मजुराचे आरोग्य कार्ड काढावे लागते, रक्त तपासून. कार्ड नसेल तर नोटीस ठेकेदाराला.

इथे एक बोलून घेतो. आमच्यात सर्रास म्हणतात, घाटी लोक, म्हणजे बाहेरून आलेले मजूर, मलेरिया घेऊन येतात. येत असेल एखाद्याच्या रक्तातून. पण तो एकाचा दहा जणांना व्हायला जे पाणी लागते ते त्याने गावाहून आणलेले नसते. ते आमच्या लिफ्टच्या खड्ड्यात असते, आणि खड्ड्याचा मालक आमचा पात्रांव, म्हणजे आमचा शेठ.

तर माझी गोष्ट. चतुर्थीच्या आठवडाभर आधी मला थंडी भरली. तीही कशी, तर भर दुपारी, स्लॅबवर, उन्हात दात वाजत होते. एका खाजगी दवाखान्यात गेलो. पहिल्या दिवशी ‘व्हायरल’ म्हणून तापाच्या गोळ्या मिळाल्या, तिसऱ्या दिवशी रक्त तपासले, व्हायवॅक्स निघाला, म्हणजे मलेरियाचाच एक प्रकार. क्लोरोक्वीन तीन दिवस आणि प्रायमाक्वीन 14 दिवस. औषध बरोबरच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण 14 दिवस का, हे कुणी सांगितले नाही. चिठ्ठीवर आकडा होता, तोंडात शब्द नव्हता. तीन दिवसांत ताप पळाला. पाचव्या दिवशी पोटात जळजळायला लागले. घरात गणपतीवर माटोळी (फळा-पानांचे छत) बांधायची लगबग, पाहुणे, नेवऱ्या. पुडी फ्रिजवर ठेवली ती तिथेच राहिली. बरे वाटत असताना गोळी घेणे म्हणजे पोट भरल्यावर जेवणे, असा आपला हिशेब.

नोव्हेंबरात पुन्हा थंडी. तीच, तशीच. मी साइटच्या डासांना शिव्या घातल्या. त्या वेळी निदान त्यांचा दोष नसावा.

याच सुमारास आरोग्य केंद्राचा माणूस बदलला. आधीचा वही घेऊन यायचा, ‘सगळे ठीक ना?’ विचारायचा, आणि माझ्या ‘ठीक’वर सही घेऊन जायचा. माझाही त्यात फायदा होता, खोटे कशाला बोलू. नवा मुलगा डिचोलीकडचा, पंचविशीचा, मला पहिल्या दिवसापासून ‘काका’ म्हणणारा. त्याने माझा चेहरा बघितला आणि वही उघडायच्या आधी विचारले, “काका, ताप कितवा दिवस?” तिथेच बोट टोचले, किटवर रक्त घेतले, आणि आम्ही अर्धा चहा पितोय तोवर रेघ उमटली. मग म्हणाला, “मागच्या वेळच्या गोळ्या संपवल्या होत्या?” मी हो म्हटले. तो गप्प बसला. मग मी नाही म्हटले.

त्याने भाषण दिले नाही. म्हणाला, “काका, तुमच्या परसात केळी आहेत?” आहेत म्हटले. “केळ बुंध्याशी कापली की झाले?” कसे होईल, गड्डा आहे खाली, महिन्याभरात नवा कोंब. “बस्स. तीन दिवसांच्या गोळ्यांनी तुम्ही केळ कापलीत. गड्डा तुमच्या लिव्हरात आहे. 14 दिवसांच्या गोळ्या त्या गड्ड्यासाठी.”

मी 50 वर्षांचा माणूस. इतकी वर्षे मलेरियाचे बोर्ड बघत आलो, पण व्हायवॅक्स उलटतो तो कशामुळे, हे त्या दिवशी समजले.

दुसरे त्याने जे केले त्याला मी पूर्ण एक गुण वेगळा देतो. गोळ्या देताना विचारले, मागे का सोडल्या? जळजळ. मग उपाशीपोटी घेऊच नका, जेवणावर घ्या. रात्री विसरता? मग दुपारी साइटवर डबा खाऊन झाला की घ्या, पुडी डब्याच्या पिशवीतच राहू दे. लघवी काळपट-लाल दिसली तर गोळी थांबवा आणि लगेच फोन करा, काही लोकांच्या रक्ताला हे औषध सोसत नाही. आणि ऑफिसच्या कंटेनरमधल्या कॅलेंडरवर 14 चौकोनांना त्याने पेन्सिलने गोल केले. रोज एक गोल मी काट मारून भरायचा. सातव्या दिवशी आला, रिकामी पट्टी मागितली, मोजली. चौदाव्या दिवशी पुन्हा. मला थोडा राग आला, शाळेतल्या पोराची वही तपासावी तसा. पण पट्टी रिकामी होती. त्यानंतर आजवर ताप नाही.

मजुरांनाही तेच. ओडिशाच्या एका गवंड्याला आणि त्याच्या बायकोला दोघांनाही व्हायवॅक्स निघाला. बाई पाच महिन्यांची पोटुशी. नवऱ्याला दोन औषधे मिळाली, बायकोला एकच. नवरा बिथरला. त्याला वाटले बायकांना सरकारी औषध अर्धेच देतात. मी असतो तर ‘डॉक्टरांनी सांगितले तसे कर’ म्हणून मोकळा झालो असतो. या मुलाने त्याला बाजूला बसवून सांगितले, की ती गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते म्हणून देत नाहीत, तिची वेळ बाळंतपणानंतर, आणि तोवर तिला जरा जरी थंडी वाजली तरी रक्त तपासायचे. फोन नंबर गवंड्याच्या मोबाईलवर स्वतः टाकून दिला, नावाऐवजी डासाचे चित्र लावून. गवंड्याला वाचता येत नाही.

डिसेंबरात लिफ्टच्या खड्ड्याचा प्रसंग झाला. आमच्याकडे जमिनीतले पाणी वर, त्यात क्युअरिंगचे पाणी झिरपते. खड्ड्यात कमरेइतके पाणी कायम. माझ्या डोळ्यांना ते स्वच्छ दिसायचे. त्याने लांब दांड्याचा पांढरा डाव, म्हणजे मोठी पळी, बुडवून वर काढला आणि मोबाईलचा उजेड पाडला. बारीक काड्या पाण्याच्या पातळीला आडव्या पडून होत्या, जणू तरंगता जिरा तांदूळ. गटारातल्या साध्या डासाची अळी डोके खाली करून लोंबते, ही आडवी पडते, एवढी एक खूण त्याने दाखवली. ती खूण आता साइटवरच्या प्रत्येकाला येते, पात्रांवाला सोडून.

मग त्याने थोडे पाणी अळ्यांसकट काचेच्या बाटलीत भरले, तोंडाला जाळीचे कापड बांधले आणि बाटली मुकादमाच्या बायकोच्या चुलीजवळच्या फळीवर ठेवली. कन्नडमध्ये त्याला चार शब्द येतात: नीरु, सोळ्ळे, ज्वरा, अक्का. तेवढ्यांत त्याने काम भागवले. “अक्का, नीरु... सोळ्ळे.” बाई हसली. तिच्या मते डास झाडीतून येतात, पाण्यात असतात ते किडे वेगळे. तिसऱ्या दिवशी बाटलीत स्वल्पविरामासारखे वाकडे काहीतरी पोहत होते. पाचव्या दिवशी सकाळी काचेला आतून डास चिकटलेले, शेपूट वर करून, तिरके. तिचा सात वर्षांचा पोरगा ती बाटली घेऊन खोल्या-खोल्यांतून हिंडला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॅम्पने आपापल्या बॅरलात डोकावून घेतले होते. नंतर बाटली बंद करून उन्हात ठेवली, आतले मेले.

बॅरलांचा तिढा मात्र बाटलीने सुटला नाही. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामे करून सुकवा, असे सगळीकडे लिहिलेले असते. आमच्या कॅम्पला टँकर चौथ्या दिवशी येतो, कधी पाचव्या. अर्धे बॅरल पाणी कोण ओतेल? मी ओतणार नाही, लिहिणाराही ओतणार नाही. मुलाने पहिल्यांदा ‘ओता’ म्हणून बघितले. बायकांनी मान डोलवली आणि ओतले नाही. पुढच्या खेपेला त्याने विचारले, मग काय जमेल? उत्तर मुकादमाच्या बायकोनेच काढले. केंद्राने वाटलेल्या मच्छरदाण्यांतली एक फाटकी निघाली होती. तिचे चौकोन कापून बॅरलांवर ताणले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे करून आवळले. टँकर आला की पट्टा काढायचा, पाणी भरण्याआधी बॅरलाच्या आतल्या कडा चोथ्याने घासायच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाची चिकटलेली अंडीही जातात. मच्छरदाणी कापली म्हणून हा आरडाओरडा करेल असे मला वाटले होते. त्याने फोटो काढला आणि पलीकडच्या साइटवर दाखवायला नेला.

क्युअरिंगचा सौदा त्याने माझ्याशी केला. त्याचे म्हणणे पाणी नको, माझे म्हणणे स्लॅब मरेल. मग ठरले ते असे: पाचव्या दिवशी सकाळी वाफे फोडायचे, पाणी झाडूने लोटून काढायचे आणि तासाभरात पुन्हा भरायचे. अळ्या वाहून जातात, स्लॅब ओला राहतो. कॉलमला तर आधीपासून गोणपाट गुंडाळून भिजवतोच. दोन मजुरांचा अर्धा दिवस जातो, तो मी हजेरीत बसवतो. खड्ड्यात मात्र उपसून भागत नव्हते, तिथे त्याने गप्पी मासे आणून सोडले. प्लास्टिकच्या पिशवीत, बाजारातून आणावेत तसे. पिशवीत 30-40 असतील. फेब्रुवारीपर्यंत खड्ड्यात डाव घातला की मासेच यायचे.

माझी भाची समाजकार्य शिकते. तिला हे सगळे सांगितले तर म्हणाली, मामा, याला वर्तनबदल संवाद म्हणतात, आम्हाला पेपरला आहे. माणसाला काय माहीत नाही त्याआधी त्याला काय अडते ते विचारायचे, असा धडा आहे म्हणे. असेल. धडा पोस्टर छापणाऱ्यांनीही वाचावा एवढेच.

मच्छरदाण्यांचे थोडक्यात. औषध लावलेल्या मच्छरदाण्या मिळाल्या, पण मजूर एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत झोपत नाहीत, भाजून निघतील. ते वर स्लॅबवर उघड्यावर झोपतात आणि हा डास रात्रीच चावतो. उघड्यावर दाणी बांधायची कशाच्या आधाराने? आमच्या बारबेंडरांनी भंगारातल्या सळया मापाने कापून रिकाम्या रंगाच्या डब्यांत काँक्रीट भरून उभ्या केल्या, बाइंडिंग वायरने दाण्या ताणल्या. मे महिन्यात रात्री तुम्ही आला असतात तर वर लग्नाचा मांडव आहे असे वाटले असते.

आता कापलेले गुण. अर्धा त्या पोस्टरसाठी, आधीच्या सहीवाल्यासह. अर्धा रिपोर्टसाठी: गेल्या जूनमध्ये काचपट्टीवर रक्त घेतलेल्या एका सेंट्रिंगवाल्याचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला तेव्हा तो माणूस काम संपवून गावी पोचला होता. त्याच्यामागे कुणी गेले का, मला विचारू नका. त्याच्या मुकादमाला फोन लावला तो मी. किट आल्यापासून हे कमी झाले, पण किट दर खेपेला असतेच असे नाही. आणि वेळ! सकाळी अकराला येऊन माणसे परांचीवरून खाली बोलावणे म्हणजे मुकादमाशी भांडण. नव्या मुलाला सांगितल्यावर तो एकच्या जेवणाच्या सुट्टीत येऊ लागला, स्वतःचा डबा आमच्याबरोबर खाऊ लागला. म्हणून वेळेचे गुण कापले नाहीत.

शेवटचा अर्धा धुरासाठी, आणि तो त्या मुलाचा दोष नव्हे. पंचायतीच्या माणसांना धूर आवडतो. मशीन गरगरते, ढग उठतो, लोक खिडक्या लावतात, फोटो निघतो. धुराने त्या घटकेला उडणारे डास मरतात. खड्ड्यातली अळी खाली निवांत असते आणि परवा उडते. ज्या दिवशी धूर झाला त्या दिवशी आमच्या कॅम्पमध्ये बॅरलांची झाकणे उघडी राहिली. “आज तो दवा मार दिया ना साब.” मुलाने चार महिने लावलेली सवय एका संध्याकाळी सैल झाली. तो दुसऱ्या दिवशी आला, काही बोलला नाही, पुन्हा डाव काढला.

अजून एक खरे सांगायला हवे. आमच्या पात्रांवाने पंपाचे, झाकणांचे आणि पाचव्या दिवसाच्या मजुरीचे पैसे मंजूर केले ते केळीच्या गड्ड्याने पटून नव्हे. कायद्याची नोटीस आली होती म्हणून. गोड बोलणे मजुरांना आणि मला पुरले. वर दंड लागतोच.

मलेरिया गोव्यात पूर्वीच्या मानाने पुष्कळ उतरला आहे. तो पुरता संपवायला देशाने 2030 ची मुदत घातली आहे. उतरल्याचा एक तोटा मला साइटवर दिसतो, नवे मजूर आणि नवे डॉक्टर दोघेही थंडी-ताप म्हटले की आधी दुसरेच काही समजतात. म्हणून वाचणाऱ्यांत कुणी ठेकेदार, सुपरवायझर असेल तर एक करा: तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला सही द्यायच्या आधी डाव दाखव म्हणा. डाव नसेल तर सही देऊ नका.

आमची इमारत आता संपत आली. लिफ्टवाले सोमवारी येणार, खड्डा कोरडा पाहिजे म्हणतात. मुलगा शनिवारी बादल्या घेऊन येतो आहे, मासे पलीकडच्या साइटच्या हौदात न्यायला. थोडे मी पेडण्याला परसातल्या विहिरीसाठी मागितले आहेत. मुकादमाच्या पोराने चार आधीच राखून ठेवलेत, आणि त्यांच्यासाठी बाटलीही धुऊन ठेवली आहे. तीच, डासांची.